तक्रार करण्याआधी मुलगी घराकडे पाहते

टोकावड्याच्या माझ्या दवाखान्यात महाविद्यालयीन मुली बहुधा आईसोबत येतात आणि तक्रार बहुधा पोटदुखीची असते. काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी महिन्याभरात तिसऱ्यांदा आली. तपासणीत काही सापडत नव्हते. दुखणे सोमवारी सुरू होई, सुट्टीत थांबे. आईला बाहेर बसवून, परिचारिकेला सोबत ठेवून विचारले तेव्हा कळले, प्रात्यक्षिकाच्या वेळी एक शिक्षक तिच्या अंगाला हात लावत असे. प्राचार्यांची किंवा पोलिसांची भीती तिला दुय्यम होती. ती म्हणाली, "डॉक्टरकाका, घरी सांगू नका. बाबा कॉलेज बंद करतील."

पहाटेची एसटी पकडून मुरबाड किंवा कल्याण गाठणाऱ्या आमच्या भागातील मुलींना शिक्षण सहज मिळालेले नाही. बोलण्याची किंमत तेच शिक्षण असेल, तर मुली गप्प राहतात.

वास्तविक कायदा तिच्या बाजूला होता. विशाखा खटल्याच्या 1997 च्या निकालानंतर 2013 चा कायदा आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी स्वतंत्र नियम केले. महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका, किमान निम्म्या स्त्रिया, बाहेरची एक जाणकार व्यक्ती आणि विद्यार्थ्यांचे प्रकरण असल्यास तीन विद्यार्थी प्रतिनिधी. प्राचार्यांना समितीत बसता येत नाही. हे कलम मला फार शहाणपणाचे वाटते. संस्थेची अब्रू सांभाळणाऱ्याच्या हाती चौकशी नसावी. तक्रार 3 महिन्यांत लेखी द्यायची, अडचण असल्यास आणखी 3 महिने मिळू शकतात. चौकशी 90 दिवसांत पुरी व्हावी लागते. सहल, क्रीडास्पर्धा, शिबिर, संस्थेची बस, हे सारे नियमानुसार महाविद्यालयाचे आवारच होय. आणि चौकशी चालू असताना संबंधित शिक्षकाला तिची परीक्षा घेण्यापासून, गुण देण्यापासून रोखता येते. प्रात्यक्षिकाचे गुण त्याच्याच हातात असल्याने ही तरतूद तिला ठाऊक असणे किती गरजेचे होते!

तिच्या महाविद्यालयात समितीचा फलक होता. त्यावरील एक सदस्या कधीच बदली होऊन गेल्या होत्या.

मुलगी 18 वर्षांखालील असेल, म्हणजे अकरावी-बारावीतील बहुतेक मुली, तर 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो. ज्याला प्रकार कळला त्याने पोलिसांना कळवणे तेथे बंधनकारक आहे. संस्थेने ते आपसांत मिटवणे हा गुन्हाच.

वसतिगृहात मुलीला सोडताना आपण जेवण पाहतो, पंखा पाहतो. जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला; संशय तेथेच काम करणाऱ्या माणसावर होता. सुट्टीत मजल्यावर कोण असते, रात्री कोणाला आत येता येते, हे प्रश्न अधीक्षकांना तोंडावर विचारावेत. राग आला तर येऊ द्यावा.

अत्याचार घडलाच, तर वेळ महत्त्वाचा. अंघोळ न करता, कपडे न धुता रुग्णालयात यावे. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, शक्य तितके लवकर सुरू करावे लागते. गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर तितकी उपयोगी. अंघोळ झाली असली तरी यावेच. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार नाकारणे हा गुन्हा आहे. गुन्हा आधी नोंदवून या, असे कोणी सांगू शकत नाही. पीडितेची 'दोन बोटांची चाचणी' करणे हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले. आमच्या व्यवसायाने ही चाचणी इतकी वर्षे चालू दिली, याची मला लाज वाटते. मदतीसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक घरात सर्वांना पाठ असावेत.

त्या मुलीच्या संमतीने मी तिच्या वडिलांना बोलावले. आई शेजारी बसली होती. सगळे ऐकून ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग तिला म्हणाले, "अर्ज लिही. मी येतो सोबत." आणि थोड्या वेळाने, "परीक्षा कधी आहे तुझी?"