लिंक पाठवली, म्हणजे सहकार्य झालं?

‘एकाच फाइलमध्ये तीस पोरं सोडली तर एकमेकांचं पुसतील, नुसता गोंधळ होईल.’ सगळ्यांनी मिळून लिहिता येईल अशा ऑनलाइन फाइलचा विषय काढला की शिक्षकांच्या खोलीत पहिला आक्षेप हाच येतो. गोंधळ होईल हे खरंच आहे. पहिल्या दिवशी कोणी मित्राच्या नावाची वाट लावेल, कोणी पानभर हसरे चेहरे ओतेल. पण पुसलेलं कायमचं जात नाही. गूगल डॉक्समध्ये बदल आपोआप नोंदले जातात आणि ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडली की पानाचं आधीचं रूप परत आणता येतं. विकिपीडियावर तर प्रत्येक पानाला ‘इतिहास’ नावाची खिडकीच असते. कागदी वहीचं पान फाडलं की गेलं. इथे फाडणाऱ्याचं नावही मागे राहतं.

नाव राहण्याला मात्र एक अट आहे, आणि ती न पाळल्यामुळे पुष्कळ जण या साधनावर नाराज होतात. लिंक ‘कोणीही संपादन करू शकेल’ अशी मोकळी सोडली आणि मुलं खात्यात न शिरता आत आली, तर डॉक्स त्यांना प्राण्यांची नावं देतं. मग तुमच्या नववी ‘ब’मध्ये अनामिक पाणघोडा आणि अनामिक कॅपीबारा निबंध लिहू लागतात. पाणघोड्याला गुण कसे द्यायचे? एकेकाचं खातं नसेल तर निदान गटागटाला वेगळं पान द्यावं आणि वर मुलांनी आपली नावं लिहावीत.

‘पण आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!’

आहे, आणि सूचना पाठवायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण व्हॉट्सॲपवरचा संदेश फक्त पाठवणारा बदलू शकतो, तोही पंधरा मिनिटांत. दुसऱ्याने सुचवलेली दुरुस्ती मूळ मजकुरात जातच नाही, ती खाली वेगळी येऊन पडते. त्यामुळे घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेच्या ‘अंतिम’, ‘अंतिम 2’ आणि ‘अंतिम खरी’ अशा तीन फायली ग्रुपवर फिरतात आणि छापायला नेमकी चुकीची जाते. ग्रुप हे वाटपाचं साधन आहे. एकत्र लिहिण्यासाठी सगळ्यांच्या हाताखाली एकच पान लागतं.

यापेक्षा खोल रुजलेला समज म्हणजे, काम वाटून दिलं की सहकार्य झालं. ‘माझा जिल्हा’ प्रकल्पात एकाने नद्या घ्यायच्या, एकाने पिकं, एकाने किल्ले. शेवटी तिन्ही तुकडे एका सादरीकरणात चिकटवायचे. असा प्रकल्प पूर्ण झाला तरी नद्यावाल्याने किल्लेवाल्याचं अक्षरही वाचलेलं नसतं. ऑनलाइन फाइलमुळे हे बदलत नाही, चिकटवण्याचं काम तेवढं लवकर होतं. बदल करायचा असेल तर कामच असं हवं की दुसऱ्याच्या नोंदीशिवाय आपल्या नोंदीला अर्थ येऊ नये.

असं काम सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांना कृष्णेने आयतंच दिलं आहे. महाबळेश्वरला उगम, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते, पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा. जून ते सप्टेंबर एकच तक्ता ठेवायचा. महाबळेश्वर किंवा पाटण भागातली एक शाळा, कराडची एक आणि सांगलीची एक. रकाने मोजकेच: तारीख, चोवीस तासांतला पाऊस मिलिमीटरमध्ये, नदीची जाहीर झालेली पातळी फुटांत, कोयनेतून सोडलेलं पाणी, आणि नोंद करणाऱ्याचं नाव. पाऊस मोजायला सरळ उभ्या भिंतींची प्लास्टिकची बाटली आणि पट्टी पुरते. पातळी मोजायला मुलांनी नदीवर जायचं नाही. ती रोज जाहीर होते, तीच उतरवायची.

आता गंमत बघा. सांगलीच्या मुलांना आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट हे आकडे तोंडपाठ असतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा घरातलं सामान माळ्यावर चढवलेली ही घरं आहेत. पण सांगलीत ऊन पडलेलं असताना पाणी का चढतं, याचं उत्तर सांगलीच्या रकान्यात सापडत नाही. ते वरच्या शाळेने लिहिलेल्या पावसात असतं आणि 105 टीएमसीच्या कोयना धरणाच्या दरवाज्यांत असतं. वरच्या मुलांना आपण ओतलेल्या बाटलीतल्या पाण्याचं पुढे काय झालं ते खालच्या रकान्यात दिसतं. एखाद्या दिवशी पाटणच्या रकान्यात 14 आणि लगतच्या दिवसांत 140 दिसलं की सांगलीचा पोरगा टिप्पणी टाकतो, ‘एक शून्य राहिलं का?’ या टिप्पणीला मी सहकार्य म्हणेन. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद घरी रोज ऐकणाऱ्या मुलांना स्वतः लिहिलेला तक्ता समोर ठेवून प्रश्न विचारता येतात, हा वरचा फायदा.

गुण देतानाही बदलांच्या इतिहासाचा उपयोग होतो. गटकामात एक राबतो आणि चौघे नाव लावतात, ही तक्रार जुनीच आहे. कोणी किती नोंदी केल्या हे इतिहास दाखवतो. मात्र त्यावर डोळे झाकून गुण देऊ नयेत. जी मुलगी मोठ्याने सांगते आणि दुसरीकडून टाइप करून घेते, तिचं काम इतिहासात दिसत नाही.

विकिपीडियाबद्दल दोन उलटे गैरसमज आहेत आणि गंमत म्हणजे ते एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदतात. एक, तिथे कोणीही काहीही लिहितं म्हणून ते सगळं खोटं. दुसरा, तिथल्या मजकुराची नक्कल केली की प्रकल्प झाला. पहिल्याबद्दल सांगायचं तर 2005 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने विकिपीडिया आणि ब्रिटानिका या दोन्ही ज्ञानकोशांतल्या विज्ञानाच्या 42 नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. एका नोंदीमागे सरासरी चुका निघाल्या विकिपीडियात चार आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने ही पद्धत अमान्य केली, पण छापील ग्रंथातही चुका असतात हे त्या वादाने पक्कं झालं.

अनेकांनी मिळून ज्ञानकोश लिहायचा, ही कल्पना साताऱ्याच्या माणसाला अवघड वाटू नये. मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. पहिला खंड 1976 मध्ये आला. पुढे वीस खंडांपर्यंत पोचलेलं हे काम असंख्य अभ्यासकांच्या हातांचं आहे आणि नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. आता सगळे खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. 1 मे 2003 ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर नाव नोंदीखाली नसतं, इतिहासात असतं. वर्गात एकच विषय दोन्हीकडे वाचायला लावावा. कोणत्या वाक्याला संदर्भ आहे, कुठे नाही, कुठली माहिती शिळी झाली, हे मुलं चटकन पकडतात.

दुसऱ्या गैरसमजामागच्या, नक्कल म्हणजेच लेखन या सवयीची किंमत मात्र पुण्यात उलट्या दिशेने मोजली गेली. 2011 मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा उपक्रम झाला. हेतू चांगला होता. पण अनेकांनी पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे आणून टाकले. ते शोधून काढता काढता जगभरचे स्वयंसेवक टेकीला आले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये उपक्रम थांबवावा लागला. नक्कल विद्यार्थ्यांनी केली हे खरं, तरी माझ्या मते चूक क्रमात होती. स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहायचा सराव न देता मुलांना थेट चव्हाट्यावर उभं केलं गेलं. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. आपल्या मुलांनी आधी तिथेच गिरवावं.

‘डॉक्समध्ये मराठी फुटतं.’ हे अर्धसत्य आहे आणि मराठी माध्यमाच्या शाळांचं याने फार नुकसान केलं. फुटतो तो श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला जुना मजकूर. त्या जुन्या फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असत, वरचा मुखवटा तेवढा देवनागरी. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल गेली की मुखवटा गळतो आणि खालचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि ही सोय 1991 पासून आहे. जुन्या प्रश्नपत्रिका रूपांतरकातून काढून घ्याव्यात, नंतर जोडाक्षरं एकदा नजरेखालून घालावीत, कारण रूपांतरक हमखास तिथे घसरतो. नवं सगळं इनस्क्रिप्टवर किंवा मोबाइलच्या मराठी कळफलकावर. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. युनिकोडमुळे एकाच पानावर मराठी आणि कन्नड शेजारी नांदू शकतात.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो: पुन्हा मोबाइलच का? कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला आणि त्याची चर्चा देशभर झाली. तो निर्णय मला पटतो, आणि या कामाच्या तो आड येत नाही. चौघांत एक पडदा हे ऑनलाइन गटकामाचं चांगलं प्रमाण आहे. मुलं आधी बोलतात, भांडतात, मग एक जण टाइप करतो. घरी मोबाइल लागेल असं काम देऊच नये. नेटवर्क नसेल तर डॉक्समधली फाइल आधी ऑफलाइन वापरासाठी उतरवून ठेवता येते आणि रेंज मिळाली की बदल आपोआप चढतात. मात्र दोघांनी ऑफलाइन असताना एकच परिच्छेद बदलला तर खिचडी होते, म्हणून परिच्छेद आधी ठरवून घ्यावेत.

शिक्षकांच्या स्वतःच्या शिकण्याबद्दल सांगायचं तर ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठावर व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळवणं म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षण, एवढीच आपली कल्पना झाली आहे. त्यात माहिती मिळते, पण कोणी आपलं काम पाहत नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा दहाएक वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादी पद्धतीसाठी गाजल्या, तेव्हा राज्यभरचे शिक्षक गाड्या करून तिथे वर्ग बघायला यायचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं ते काम एकमेकांचे वर्ग पाहून पसरलं. वेबवरच्या पानाला ही जागा घेता येत नाही. दोन भेटींमधलं अंतर मात्र ते भरून काढतं. केंद्राच्या पाच शाळांनी अपूर्णांकाच्या पाठाचं एक टाचण मिळून लिहावं, प्रत्येकाने ते आपल्या वर्गात घ्यावं आणि मुलं कुठे अडली ते त्याच पानाच्या समासात लिहावं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी हा समास वाचला तर दुपार सत्कारणी लागेल.

गोपनीयतेबद्दल ‘शाळेचंच तर आहे’ असं म्हणून चालत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अपेक्षा आहे. भारतात तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या बळावर गूगल खातं काढता येत नाही. तेव्हा सातवीपर्यंत खातं शिक्षकाचं, मुलांची फक्त पहिली नावं, आणि आधार क्रमांक, जात, फोन, फोटो यांतलं काहीही मोकळ्या लिंकच्या पानावर नाही.

राहता राहिला ‘फुकट आहे, म्हणजे कायम आहे’ हा समज. विकीस्पेसेसवर जगभरच्या शिक्षकांनी वर्गांची विकीपानं मांडली होती. ती सेवा 2018 पासून बंद होत गेली. गूगलचा जॅमबोर्ड हा फळा अनेकांनी टाळेबंदीत शिकून घेतला, तो 31 डिसेंबर 2024 ला मिटला. पॅडलेटच्या फुकट खात्यात मोजकेच फलक मिळतात. म्हणून नवं साधन निवडताना आधी ‘डाउनलोड’चं बटण कुठे आहे ते शोधावं. एप्रिलमध्ये निकालाची घाई सुरू होण्याआधी पावसाचा तक्ता, टाचणं, मुलांचे लेख पीडीएफ करून शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवावेत. इतिहास पीडीएफमध्ये येत नाही, त्यामुळे कोणी काय केलं याची अर्ध्या पानाची नोंद मुलांकडूनच लिहून घेऊन त्याला जोडावी.