ढिगाऱ्याखालचा माणूस आणि डॉक्टर

भूकंपानंतर ढिगाऱ्याखालून एखादा माणूस जिवंत निघाला की भोवतालचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. तो बोलतो, पाणी मागतो, घरच्यांची चौकशी करतो. आणि अशांपैकीच काहीजण पुढे तासाभरात, तर काही आठवडाभरात दगावतात. हे का होते, ते आज आपल्यापुढे मांडावे असा आमचा विचार आहे.

लंडनवर बॉम्बवर्षाव चालू होता, त्या काळातली गोष्ट. पडलेल्या घरांखाली कित्येक तास हातपाय दडपून राहिलेल्या चार रुग्णांची हकीकत बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी 1941 साली प्रसिद्ध केली. सुटका झाली तेव्हा प्रकृती बरी वाटे. मग दबलेला अवयव सुजे, रक्तदाब उतरे, लघवी गडद होऊन कमी होत जाई.

कारण असे, की दाबाखालचे स्नायू रक्तावाचून मरू लागतात. ओझे आहे तोवर त्यांतली द्रव्ये तेथेच अडून राहतात. ओझे उचलताच, तुंबलेल्या मोरीचा बोळा काढावा तशी ती रक्तात धावतात. त्यांतले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. मायोग्लोबिन मूत्रपिंडात साचते. शिवाय शरीरातले पाणी सुजलेल्या अवयवाकडे ओढले जाते, ते वेगळेच.

उपाय मात्र साधा आहे. ढिगाऱ्याबाहेर एखादा हात जरी आला, तरी त्याच्या शिरेतून मिठाच्या पाण्याचे साधे सलाईन सुरू करावे. प्रौढ माणसाला तासाला सुमारे एक लिटर. पोटॅशियम असलेले सलाईन येथे चालत नाही. म्हणजे डॉक्टरने इस्पितळाच्या दारात वाट पाहून भागत नाही, त्याने ढिगाऱ्यापाशी गेले पाहिजे.

तुर्कस्तानात 1999 च्या भूकंपानंतर 477 रुग्णांना डायलिसिसवर ठेवावे लागले. 2003 साली त्याच देशात बिंगोल येथे भूकंप झाला. तेथल्या 16 रुग्णांना लवकर आणि भरपूर सलाईन मिळाले. डायलिसिस लागले ते चौघांना. दोन्ही आपत्तींचे आकारमान फार वेगळे, तेव्हा ही तुलना काटेकोर नव्हे. पण दुर्लक्ष करण्याजोगीही नाही.

आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा वेळी पहिले हात शेजाऱ्यांचेच असतात. बाहेरची पथके मागाहून येतात. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनचा साठा किती, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला परदेशी विमानांपेक्षा मोठा वाटतो. आणि तो साठा ठेवलेली इमारत? 26 जानेवारी 2001 रोजी भुजचे सरकारी इस्पितळच कोसळले होते.

कोणी विचारील, मग डॉक्टर येईपर्यंत माणसाला तसाच ठेवायचा काय? मुळीच नाही. तो नुकताच अडकला असेल, त्याचा श्वास कोंडत असेल, किंवा उरलेली भिंत ढासळण्याच्या बेतात असेल, तर आधी त्याला बाहेर काढावे. कित्येक तास दबलेला असेल आणि सलाईन हाताशी असेल, तर ते चालू झाल्यावर दगड उचलावा.