दगडाला आंबट चालतं का?

तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासली की कशी लखलखतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. दिवाळीच्या आधी समई, घंटा, ताम्हन सगळं चिंचेच्या कोळात न्हाऊन निघतं. मग काय, स्वयंपाकघरातलं काळं दगडी सिंक जरा मळकट दिसायला लागलं, की कुणीतरी त्यावरही अर्धं लिंबू चोळतं. आणि होतं भलतंच! वाळल्यावर तिथे पांढुरका, निस्तेज चट्टा दिसतो. साबण लावा, काथ्यानं घासा, चट्टा काही हलत नाही. हलणार कसा? तो डाग नाहीच मुळी. तिथला दगड विरघळून गेलाय!

गंमत वाटली ना? मग ही गडबड होते कशी ते पाहू या.

आपल्याकडे ओट्याला, सिंकला, मोरीला जे दगड वापरतात त्यांत कडप्पा आणि शहाबादी फरशी फार. कडप्पा काळा, तो आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येतो. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची. हिरवट-करडा कोटा दगड राजस्थानातला. रंग वेगळे, गावं वेगळी, पण तिघंही एकाच घरातले : चुनखडक! संगमरवर त्यांचा चुलतभाऊच समजा, कारण जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून चुनखडकाचाच संगमरवर होतो. या सगळ्यांत मुख्य असतं ते कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यात आणि अंड्याच्या टरफलातही तेच असतं.

एका वाटीत थोडं व्हिनेगर घ्या आणि त्यात शिंपल्याचा तुकडा टाका. पाहा, बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले! ॲसिडमुळे कॅल्शियम कार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि उरलेलं पाण्यात विरघळतं. लिंबातलं सायट्रिक ॲसिड कडप्प्याशी हेच करतं. बुडबुडे इतके बारीक असतात की आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. चकाकी म्हणजे दगडाचा अगदी गुळगुळीत केलेला पृष्ठभाग. तो खडबडीत झाला की प्रकाश नीट परावर्तित होत नाही आणि तिथे चट्टा दिसतो. टोमॅटो, दही, ताक, कोकम, चिंच, लोणच्याचा खार, सगळ्यांचं हेच. सांडलं की लगेच पुसा. रात्रभर राहू देऊ नका.

मग आजीच्या पाट्याचं काय? त्यावर तर कैरीची चटणी वर्षानुवर्षं वाटली जाते! बरोबर आहे, पण पाटा-वरवंटा असतो काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या लाव्हारसातून आपलं दख्खनचं पठार तयार झालं. हा दगड त्यातलाच. त्यात चुनखडक नाही, म्हणून कैरीला तो दाद देत नाही. पाटा घासून घासून गुळगुळीत होतो आणि मग त्याला टाकी लावावी लागते, पण ते झिजणं वेगळं. जुन्या वाड्यांत विहिरीपाशी एकाच दगडातून कोरलेली डोण असायची, तीही याच दगडाची. ग्रॅनाइटही असाच टणक. मात्र ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा प्रत्येक दगड खरा ग्रॅनाइट असतोच असं नाही बरं का.

तेव्हा सिंक घासण्याआधी दगड ओळखायचा. मोठ्यांना सोबत घ्या. सिंकच्या खालच्या किंवा मागच्या, न दिसणाऱ्या कडेवर लिंबाच्या रसाचा एकच थेंब टाका, भिंगातून पाहा आणि दोन मिनिटांत पाण्यानं धुऊन पुसून टाका. बुडबुडे आले किंवा वाळल्यावर तेवढी जागा फिकट पडली, तर चुनखडक कुळातला दगड. काहीच झालं नाही, तर बहुधा ग्रॅनाइट किंवा बेसॉल्ट.

आता खरी पंचाईत ऐका. बोअरचं जड पाणी असेल, तर नळाखाली पांढरी खर साचते. ही खर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच! म्हणजे खर घालवायला व्हिनेगर ओतलं, तर ते खरीसकट कडप्पाही खाणार. चोर आणि घरमालक एकाच जातीचे, ॲसिडनं कुणाला सोडावं? म्हणून कडप्प्याच्या सिंकमधली खर साचूच द्यायची नाही. रात्री भांडी झाली की सिंक कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. काम अर्ध्या मिनिटाचं, आणि ते तुम्हीही करू शकता. साचलेली खर प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू खरवडा. सुरी नको. कडप्पा सुरीच्या पोलादापेक्षा मऊ असतो, लगेच ओरखडा उठतो. तारेची घासणीही नको. रोजच्यासाठी भांड्यांचा सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे.

तेलाचा डाग दगडात मुरतो. त्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दाट लेप करा, डागावर थापा, वर प्लास्टिक झाका आणि दुसऱ्या दिवशी काढा. लेप वाळताना तेल वर शोषून घेतो. एकदा जमलं नाही तर पुन्हा करा. ही युक्ती थेट ताजमहालावरही वापरतात! पिवळट पडलेल्या संगमरवराला 1994 पासून अनेकदा मुलतानी मातीचा लेप दिला गेला आहे. तिथेही ॲसिड चालत नाही, कारण दगड तोच.

हळदीच्या डागावर सोड्याचा लेप लावलात, तर तो लालभडक होईल. घाबरू नका. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं, तसंच हे. धुतल्यावर लाली जाते. राहिलेला पिवळा डाग उन्हानं फिका पडतो.

काही घरांत कडप्पा काळाभोर दिसावा म्हणून खोबरेल तेल चोळतात. दोन दिवस छान दिसतं, मग त्यावर धूळ चिकटून राप चढतो. मला विचाराल तर नकोच ते. पाण्याचा थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला, तर तो पाणी पितोय, आणि त्याला दगडासाठी मिळणारं सीलर लावायची वेळ झाली आहे.

आता एक गोष्ट आई-बाबांनाही वाचून दाखवा. मोरी साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. एकानं काम झालं नाही म्हणून त्यावर दुसरं टाकलं, तर क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्यानं शत्रूवर सोडला होता तोच हा वायू. डोळे चुरचुरतात, छातीत कोंडतं, श्वास घेता येत नाही. बंद मोरीत तर तो जिवावर बेतू शकतो. हवेपेक्षा जड असल्यानं तो खाली, जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशी. तसा उग्र वास आला, तर बादली आवरत बसू नका. तडक बाहेर मोकळ्या हवेत या, घरातल्यांना बाहेर बोलवा आणि त्रास होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगा, कारण ॲसिडची बाटली बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.

आणि तो लिंबाचा जुना चट्टा? तो घालवायला दगड पुन्हा घासून चकाकी आणावी लागते. फरशीला पॉलिश करणारे कारागीर पाणी घालत आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक दाण्यांनी घासत जातात. आसपास कुणाकडे हे काम चालू असेल तर जाऊन उभे राहा, पाहण्यासारखं असतं.