स्क्रीनचा वापर आणि माहूर परिसरातील विद्यार्थ्यांचे भाषाध्ययन

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील माहूर व किनवट हे तालुके तेलंगणाच्या सीमेलगत आहेत. येथे मराठीबरोबरच गोंडी, बंजारा आणि तेलुगू या भाषा बोलल्या जातात. त्यामुळे पदवी वर्गातील अनेक विद्यार्थ्यांसाठी प्रमाण मराठी ही प्रत्यक्षात दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा ठरते. २०१६ नंतर स्वस्त झालेला डेटा आणि २०२० च्या टाळेबंदीतील ऑनलाईन तासिका यांमुळे मोबाईल हे अभ्यासाचे साधन बनले. त्याचा भाषाध्ययनावर होणारा परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेळ आणि वापराचे स्वरूप :
शालेय वयोगटाविषयीच्या ५८ अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्क्रीनवरील एकूण वेळ आणि शैक्षणिक कामगिरी यांचा संबंध आढळला नाही. मात्र अधिक टीव्ही पाहणे व व्हिडिओ गेम खेळणे यांचा संबंध कमी गुणांशी दिसला. म्हणजेच केवळ तास मोजून निष्कर्ष काढता येत नाही.

वाचन :
२००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांच्या २०१८ मधील विश्लेषणानुसार तोच मजकूर कागदावर वाचल्यास आकलन अधिक चांगले होते. हा फरक माहितीपर मजकुरात आढळतो, कथात्म मजकुरात नाही. विशेष म्हणजे, वर्षागणिक तो वाढत गेला. त्यामुळे 'सवयीने जमेल' या समजास आधार उरत नाही. कथा मोबाईलवर वाचणे फारसे बाधक नसले, तरी भाषाविज्ञान वा समीक्षेचे प्रकरण कागदावरच वाचणे इष्ट होय.

लेखन :
रोमन अक्षरे टाइप करून मराठी लिहिताना 'न' व 'ण', 'ल' व 'ळ', 'दिन' व 'दीन' हे भेद विद्यार्थी स्वतः करीत नाही. समोर आलेला पर्याय तो निवडतो. परीक्षेत मात्र हाताने लिहावे लागते आणि तेथे ऱ्हस्व-दीर्घाचे नियम त्यालाच आठवावे लागतात. घरी मराठी न बोलणाऱ्या विद्यार्थ्याची यात अधिक हानी होते.

निष्कर्ष :
त्याच विद्यार्थ्याला प्रमाण उच्चार ऐकण्यासाठी आणि शब्दकोश व मराठी विश्वकोश पाहण्यासाठी मोबाईलच हाताशी असतो. म्हणून सरसकट बंदी अन्यायकारक ठरेल. श्रवण व संदर्भ स्क्रीनवर, विवेचक वाचन कागदावर आणि लेखन हाताने, अशी विभागणी प्राध्यापकांनी करावी. आवश्यक प्रकरणांच्या छापील प्रती ग्रंथालयाने उपलब्ध केल्या, तरच ही अपेक्षा न्याय्य ठरेल.