हैदराबादची रेसिडेन्सी : वऱ्हाडचा कारभार पाहिलेला इंग्रजी प्रासाद

हैदराबादच्या मुसी नदीच्या उत्तर तीरावरील कोठी या गजबजलेल्या भागात सहा भव्य स्तंभांची एक पांढरी वास्तू उभी आहे. इंग्लंडमधील जमीनदारांच्या ग्रामीण प्रासादांचा नमुना समोर ठेवून बांधलेली ही जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी होय. या 'कोठी'वरूनच परिसराला नाव पडले. मराठी वाचकाने तिची ओळख करून घेण्यास एक विशेष कारण आहे. जवळजवळ पन्नास वर्षे वऱ्हाडचा कारभार याच वास्तूतून पाहिला जात होता.

इंग्लंडमध्ये १७१४ पासून जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक गादीवर आले. त्यांच्या काळातील वास्तुशैलीस जॉर्जियन म्हणतात. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ याच्या रचना हा तिचा मुख्य आधार. उंच जोते, रुंद पायऱ्या, स्तंभांचा द्वारमंडप, त्यावर त्रिकोणी शिरोभाग आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस तंतोतंत जुळणारी दालने ही या शैलीची लक्षणे आहेत. कोलकात्याचे गव्हर्नमेंट हाऊस डर्बीशायरमधील केडलस्टन हॉलच्या धर्तीवर बांधण्यात आले आणि १८०३ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी हैदराबादच्या बांधकामास प्रारंभ झाला.

त्यामागे राजकीय कारण होते. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांकडून पराभव झाल्यानंतर निजाम अली खान याने इंग्रजांचा आश्रय घेतला. १७९८ च्या तहान्वये कंपनीची फौज हैदराबादेत आली. त्या काळचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याला नव्या सत्तेस शोभेल असे निवासस्थान हवे होते. त्याने जागेचा भलामोठा नकाशा दरबारात मांडला तेव्हा निजामाने साफ नकार दिला, अशी आख्यायिका आहे. राज्याचे नकाशेही एवढेच मोठे असत! मग तोच नकाशा लहानशा कागदावर काढून आणला आणि परवानगी मिळाली. खर्चही निजामाच्याच खजिन्यातून झाला.

वास्तूचा आराखडा मद्रास इंजिनियर्सच्या लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याने केला. मुख्य दर्शन उत्तरेकडे आहे. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सिंह असून त्रिकोणी शिरोभागावर कंपनीचे राजचिन्ह कोरले आहे. आत दोन मजले उंचीचा दरबार हॉल, लंबवर्तुळाकार दालने आणि पुढे दोन्हीकडे विभागणारा भव्य जिना आहे. इंग्लंडमध्ये जे काम दगडात झाले असते ते येथे प्रामुख्याने विटा आणि चुन्यात करण्यात आले. घोटीव चुन्याचा गिलावा दुरून संगमरवरासारखा भासतो. उंच छते उष्ण हवामानातही उपयोगी पडली.

मात्र या इंग्रजी चेहऱ्यामागे हिंदुस्थानी संसार होता. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या खानदानी घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला होता. तिच्यासाठी आवारात रंगमहाल नावाचा जनाना बांधण्यात आला. तिला पडद्यातून बाहेर न येता प्रासाद पाहता यावा म्हणून त्याची छोटी प्रतिकृती बागेत उभारली, असे सांगतात. कर्कपॅट्रिक १८०५ मध्ये कोलकात्यात मरण पावला. एकोणिसाव्या शतकातच रंगमहाल पाडण्यात आला. प्रतिकृती तेवढी उरली.

१८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या हवाली केले. धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र रेसिडेंटच्या अखत्यारीत राहिले. अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याचा सर्वोच्च अधिकारी अशा रीतीने मुसीच्या काठी बसत असे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले, ज्यात आजच्या छत्तीसगडचाही मोठा भाग होता. दरम्यान १८५७ च्या जुलैमध्ये तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. तो परतवून लावल्यानंतर इंग्रजांनी तटबंदी मजबूत केली.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, येथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. दरबार हॉलच्या झुंबरांखाली विद्यार्थिनींच्या पिढ्या शिकल्या, परंतु गळकी छते आणि ढासळता गिलावा यांमुळे इमारत धोकादायक बनत गेली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या साहाय्याने झालेले जतनाचे मुख्य काम २०२३ मध्ये पूर्ण झाले. महाविद्यालयाचे २०२२ मध्ये महिला विद्यापीठात रूपांतर झाले असून २०२४ मध्ये त्यास तेलंगणच्या शेतकरी लढ्यातील चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्यात आले.