स्मृती हरवलेल्या आप्ताची शुश्रूषा : घर, दिवसकेंद्र की आश्रम?

दरवर्षी २१ सप्टेंबर हा दिवस जगभर अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. आलोईस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ साली या विकाराचे वर्णन प्रथम मांडले. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत व्यक्त झाला आहे. म्हणजे त्या वयोगटातील दर शंभर जणांमागे सात. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक असली तरी अल्झायमर हे त्यांतील सर्वांत मोठे कारण होय. अशा रुग्णांपैकी बहुतेकांचा सांभाळ घरीच होतो, आणि घरातही तो बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर पडतो : सून, अविवाहित मुलगी किंवा स्वतः सत्तरी ओलांडलेली पत्नी. प्रस्तुत लेख त्या व्यक्तीला समोर ठेवून लिहिला आहे.

प्रथम निदानाविषयी थोडेसे. ‘वय झाले, विसर पडणारच’ असे म्हणून आपण दोन-तीन वर्षे सहज दवडतो. चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे ही वयाची खूण असू शकते. पण रोजच्या वाटेवरून घरी येताना रस्ता चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारणे, हयातभर केलेल्या सांदणांची कृती मध्येच तुटणे, या गोष्टी डॉक्टरांच्या कानांवर घालायलाच हव्यात. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खोल नैराश्य, मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव किंवा काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात, आणि त्यांवर उपचार आहेत. अल्झायमर समूळ बरा करणारे औषध मात्र आजही नाही. डोनेपेझिल, मेमँटीन यांसारखी औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य ठेवतात, एवढेच.

निदान लवकर होण्याचा दुसरा लाभ फारसा कोणी सांगत नाही. रुग्णाला समज आहे तोवर त्याची इच्छा त्याच्याच तोंडून कळू शकते. मृत्युपत्र करावयाचे तर ते याच काळात. त्यासाठी मन शाबूत असणे कायद्याने आवश्यक आहे. अनेक कुटुंबे घाईने मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की आपल्या करार कायद्यानुसार ते सर्वसाधारणपणे निष्प्रभ ठरते. पुढे बँकेतील ठेव मोडायची झाली तरी न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वेळ येऊ शकते. संयुक्त खाते, नामनिर्देशन, वाडीचे वा सदनिकेचे कागद या गोष्टी वकिलाच्या सल्ल्याने, सर्व भावंडांच्या देखत आधीच मार्गी लावाव्यात. त्या राहिल्या की शुश्रूषेचा प्रश्न बाजूला पडतो आणि भावाभावांत जमिनीचा वाद सुरू होतो.

आता घरच्या शुश्रूषेकडे वळू. आरंभीच्या व मधल्या काळात ओळखीचे घर हेच रुग्णाला सर्वांत मानवते. उठणे, आंघोळ, जेवण, सायंकाळची रोझरी यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. सामान जागचे हलवू नये. गॅसची टाकी वापरानंतर बंद करावी, न्हाणीघरात धरायला दांडी लावावी, औषधे कुलपात ठेवावीत, विहिरीच्या कठड्यावर जाळी बसवावी. रुग्ण घराबाहेर निघून जाण्याचा धोका मोठा असल्याने नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पट्टी मनगटावर किंवा गळ्यातील पदकासोबत असू द्यावी. शेजारी, रिक्षाथांबा आणि कोपऱ्यावरचा दुकानदार यांना आजाराची स्पष्ट कल्पना द्यावी. यात लाज कसली? मधुमेह आपण लपवीत नाही.

वाद घालू नये, हा सर्वांत कठीण नियम. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या पतीची आजी वाट पाहत असेल, तर ‘ते गेले’ असे प्रत्येक वेळी सांगणे म्हणजे तिला प्रत्येक वेळी नव्याने विधवा करणे होय. ‘त्यांना काय जेवायला आवडायचे?’ असे विचारावे. संभाषण आपोआप दुसरीकडे वळते. दिवस कलला की अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, आपल्याच घरात बसून ‘मला घरी न्या’ म्हणतात. त्या वेळी दिवे लवकर लावावेत, दूरदर्शनसंचाचा आवाज बंद करावा, जुने एखादे भजन गुणगुणावे. झोपेची किंवा शांत करण्याची औषधे परस्पर दुकानातून आणून देऊ नयेत. मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. अचानक गोंधळ वाढला, तर आधी लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, ताप किंवा दुखणे नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

एकट्या माणसाला हे सारे झेपत नाही तेव्हा ब्युरोमार्फत मदतनीस बाई किंवा वॉर्डबॉय ठेवला जातो. त्यांना उचलणे, पुसणे, भरवणे येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी कसे बोलावे, हे बहुधा शिकविलेले नसते. पहिले काही दिवस घरच्यांनी सोबत राहून ते दाखवावे. वसईसारख्या भागात आणखी एक अडचण आहे. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी गळून पडते आणि लहानपणीची बोली उरते. उभा जन्म मुंबईच्या कचेरीत इंग्रजी बोललेले आजोबा कादोडीत पाणी मागू लागतात आणि परप्रांतातून आलेल्या मदतनिसाला ते कळत नाही. पाणी, भूक, दुखणे, संडास यांचे बोलीतील दहा-वीस शब्द कागदावर लिहून भिंतीला चिकटवावेत. अगदी साधा उपाय आहे, पण रुग्णाची निम्मी चिडचिड त्याने टळू शकते.

दिवसकेंद्र हा घर व आश्रम यांमधला पर्याय. रुग्ण सकाळी तेथे जातो आणि सायंकाळी घरी परततो. मधल्या वेळेत त्याला गाणी, हलका व्यायाम, सोबत मिळते आणि घरच्यांना नोकरी, बाजार किंवा नुसती झोप साधता येते. महाराष्ट्रात अशी केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. खेड्यापाड्यांत जवळजवळ नाहीत. भारतीय अल्झायमर संघटना १९९२ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांकही आहे. जवळच्या सोयींची चौकशी तेथे करता येते.

राहता राहिला आश्रम. ‘आईला आम्ही बाहेर ठेवणार नाही’ असे वचन आपल्यातील अनेकांनी दिलेले असते. ते शुद्ध प्रेमानेच दिलेले असते; परंतु ते देताना रात्री चार वेळा अंथरूण बदलावे लागेल, घास घशात अडकेल, शय्याव्रण होतील, आपल्याच मुलावर आई हात उगारील, याची कोणाला कल्पना नसते. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखण्यास सांगते. तो कोणत्या छपराखाली राखावा, हे सांगत नाही. बेन सिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात तर वडिलांची बुद्धी मंदावली तरी त्यांना सांभाळून घेण्याचा उपदेश आहे. ज्या घरात शुश्रूषा करणारीच अंथरुणाला खिळण्याच्या बेतात आहे, तेथे आजीला प्रशिक्षित हातांत सोपविणे हे त्या आज्ञेचे पालनच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ख्रिस्तसभेलाही ही वाट नवी नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये संत जान जुगाँ यांनी एका अंध, अपंग वृद्धेला आपला स्वतःचा बिछाना दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संघाच्या धर्मभगिनी १८८२ साली कोलकात्यात आल्या.

मात्र आश्रम निवडताना डोळे उघडे हवेत. अनेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात; स्मृतिभ्रंश असल्यास नकार मिळतो, किंवा आजार वाढल्यावर ‘घेऊन जा’ असा निरोप येतो. म्हणून आजार लपवून प्रवेश घेऊ नये. रात्री किती रुग्णांमागे किती सेवक असतात, रुग्ण अस्वस्थ झाला तर त्याला बांधतात का, कोणत्या रुग्णालयात हलवितात, शेवटपर्यंत ठेवून घेतील का, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे शक्यतो लेखी घ्यावीत. एकदा न कळविता, जेवणाच्या वेळी जाऊन यावे. कचेरीतल्या माहितीपत्रकापेक्षा जेवणघर अधिक सांगून जाते. प्रवेशानंतरही भेटी थांबवू नयेत. आई नाव विसरली तरी ओळखीचा आवाज आणि स्पर्श तिला बऱ्याच काळापर्यंत सुखावतो.

परदेशी वा दूर असलेल्या भावंडांविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. दरमहा पैसे पाठविणे आवश्यकच; पण वर्षातून तीन आठवडे येऊन आईचा संपूर्ण ताबा घेणे आणि वहिनीला माहेरी पाठविणे, हे त्याहून मोलाचे साहाय्य आहे. घरी राहणाऱ्याला फोनवरून सूचना देण्याचा अधिकार त्यानंतरच मिळतो.

धर्मग्रामातही करण्याजोगे पुष्कळ आहे. लघु ख्रिस्ती समूहातील चार कुटुंबांनी आठवड्यातून दोन-दोन तास वाटून घेतले, तर शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला रविवारच्या मिस्साला जाता येते. रुग्णाला मोठी मिस्सा सोसवत नसेल तर घरी ख्रिस्तप्रसाद आणण्याविषयी धर्मगुरूंना कळवावे. रुग्णाभ्यंग संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नये; प्रकृती अधिक गंभीर झाल्यास तो पुन्हाही घेता येतो. इतर सारे विसरलेले रुग्ण ‘नमो मरिये’ मात्र अखेरपर्यंत म्हणताना आढळतात, तेव्हा प्रार्थना त्यांच्यासोबत मोठ्याने म्हणावी. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून धर्मसभेच्या कायद्याने वृद्ध व आजारी यांना सूट दिली आहे, आणि त्याच कलमात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. सकाळी आजीला भरवताना दोन घास स्वतः खाल्ले म्हणून सुनेने ख्रिस्तप्रसादापासून दूर राहण्याचे कारण नाही.