संगणकातील कुंचल्यांची पेटी

तुमच्या चित्रकलेच्या पेटीत कुंचले किती असतात? फार तर पाच-सहा. हात घातला की हवा तो सापडतो. संगणकावर चित्र काढणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ हजार-दोन हजार कुंचले असू शकतात. इंटरनेटवर ते फुकट मिळतात, म्हणून मुले गोळा करीत जातात. मग चित्र काढायला बसले की हवा तो कुंचला मिळत नाही. संगणक कक्षात मिळालेला एक तास शोधण्यातच संपतो आणि कागद कोराच राहतो.

संगणकातला कुंचला म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. त्याला केस नसतात, दांडाही नसतो. तो एक लहानसा ठसा असतो. पेन फिरवले की संगणक तोच ठसा ओळीने उमटवत जातो. दोन ठशांतील अंतर ठशाच्या रुंदीच्या २५ टक्के ठेवले, तर ठसे एकमेकांवर चढतात आणि सलग रेघ दिसते. तेच अंतर १५० टक्के केले, तर सुटे ठिपके दिसतात. ठसा तोच, काम वेगळे! पेन किती दाबले, यावरही रेघेची जाडी ठरवता येते.

म्हणून नुसता ठसा पाहून कुंचल्याची पारख होत नाही. त्याची रेघ पाहावी लागते. आपले कातिब हे चांगले जाणत. उर्दूतील कलम म्हणजे मराठीतील बोरू. त्याला नवा कत दिला की आधी नुक्ता काढून पाहायचा, कारण नस्तालीक अक्षरांची मापे नुक्त्यांनीच मोजतात.

फोटोशॉप या सॉफ्टवेअरचे कुंचले 'एबीआर' प्रकारच्या फाइलीत बांधलेले असतात. एका फाइलीत पुष्कळ कुंचले मावतात, पण फाइलीच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. एबीआरव्ह्यूअर नावाचे लहानसे सॉफ्टवेअर अशी फाइल उघडून आतले ठसे चित्ररूपाने दाखवते. क्रिटा आणि गिम्प ही चित्रे काढण्याची सॉफ्टवेअर मोफत आहेत. क्रिटात कुंचल्याची रेघ ओढून पाहण्यासाठी चक्क एक कच्चा कागदच दिलेला आहे. फोटोशॉपचा कुंचला या दोन्हींत आणता येतो. मात्र त्याचा ठसा तेवढा येतो. अंतर, दाब वगैरे आपण पुन्हा ठरवायचे.

आता कुंचले लावून कसे ठेवावेत? समजा, तुम्हाला रामकुंडाचे चित्र काढायचे आहे. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगांत रंगवला, तो खऱ्या कुंचल्यांनी. तुम्हाला संगणकावर ओल्या पायऱ्या, देवळांचा काळा दगड आणि हलते पाणी दाखवायचे आहे. क्रिटा आणि गिम्पमध्ये प्रत्येक कुंचल्याला 'टॅग' म्हणजे चिठ्ठी लावता येते. खरखरीत कुंचल्याला 'दगड' अशी चिठ्ठी लावा. तोच झाडाच्या सालीलाही चालतो, म्हणून 'झाड' ही दुसरी चिठ्ठीही लावा. ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर असते, पण त्याची नोंद लेखकाच्या नावाखालीही सापडते आणि विषयाखालीही. तसेच हे. फोटोशॉपमध्ये २०१७ पासून कुंचल्यांचे कप्पे करता येतात, पण माझ्या मते चिठ्ठ्या अधिक सोयीच्या. कप्प्यात ठेवलेला कुंचला दुसरीकडे हवा असेल, तर त्याची आणखी एक प्रत करावी लागते.

नवा संच मिळाला की एका पानावर प्रत्येक कुंचल्याने एक सरळ आणि एक वळणदार रेघ काढा. आधी हलक्या हाताने, मग दाबून. शेजारी त्याचे नाव लिहा. ज्या दोन रेघांत फरक दिसत नाही, त्यांतील एक कुंचला काढून टाका. सुरुवातीला पंधरा-वीस कुंचले पुरतात. प्रत्येक कुंचला कोणीतरी मेहनतीने बनवलेला असतो, तेव्हा तो वापरण्याची परवानगी आहे का, तेही वाचून घ्या. आणि निवडलेल्या कुंचल्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. शाळेचा संगणक कधी पुसला जाईल, सांगता येत नाही!